सहीबद्दल

प्रिय बाळा,

सही मी केली आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तुला धाकधूक न होता वाचता येईल. तुझ्या पासपोर्टच्या अर्जासोबतचं अनेक्शर डी, म्हणजे आईवडिलांच्या संमतीचा कागद, आणि जर्मनीच्या व्हिसासाठी लागणारं नोटरीचं संमतीपत्र, दोन्हींवर केली. 'विवा क्युबा' हा क्युबातला सिनेमा बघून झाल्यावर तुम्ही दोघं माझ्यासमोर उभे राहिलात आणि तू म्हणालीस, "बाबा, तू नको ना करूस सही." तुझा मित्र काही बोलला नाही, नुसता कुशन कुरतडत बसला. मीच तो सिनेमा लावला होता, तेव्हा उत्तर देणं मला भाग आहे.

सिनेमातल्या मालू आणि होर्हितो या दोन मित्रांचं मला फार आवडलं. मालूच्या घरी देवधर्म, होर्हितोच्या घरी क्रांती, आणि दोघांच्या आया एकमेकींचं तोंड बघायला तयार नाहीत. पोरं मात्र शाळेत एकाच रांगेत उभी राहून "आम्ही चेसारखे होऊ" म्हणतात. (तू विचारलंस, "चे म्हणजे टीशर्टवरचा का?" हो, तोच, क्युबाच्या क्रांतीतला चे गेव्हारा.) आणि गंमत म्हणजे हा सिनेमा केलाय आई आणि मुलाने मिळून. हुआन कार्लोस क्रेमाता माल्बेर्ती दिग्दर्शक, आणि त्याची आई इराइदा सहदिग्दर्शक. २००५ साली कानमध्ये त्याला मुलांच्या सिनेमांचं बक्षीस मिळालं.

मालूची आई तिला घेऊन देश सोडायला निघते, आणि त्यासाठी मालूच्या बाबाची सही हवी असते. तुला वाटलं, एका सहीसाठी एवढं काय? तेव्हा क्युबातून बाहेर जायला सरकारची परवानगी लागायची. ती पद्धत २०१३च्या जानेवारीत गेली. आणि मूल न्यायचं तर दुसऱ्या पालकाची संमती लागायची. मालूचा बाबा मायसीच्या दीपगृहावर, म्हणजे बेटाच्या अगदी पूर्वेच्या टोकाला. ही दोघं पळून निघतात ती हवानाहून, रस्त्याने हजार किलोमीटरच्या वर. पुण्याहून निघून नागपूर मागे टाकून थेट रायपूर गाठायचं, तेही खिशात पैसे नसताना, फक्त त्याने 'नाही' म्हणावं म्हणून.

त्या देशात ही गोष्ट नुसती सिनेमातली नाही. १९६० ते ६२ या काळात चौदा हजारांहून जास्त मुलांना आईबापांनी एकटं विमानात बसवून अमेरिकेत पाठवलं. थोड्याच दिवसांत भेटू, असं बहुतेकांना वाटत होतं. कित्येकांना वर्षं लागली. पुढे १९९९च्या नोव्हेंबरमध्ये एलियान गोन्सालेस नावाचा पाच वर्षांचा मुलगा फ्लोरिडाच्या समुद्रात सापडला. क्युबातून पळून येताना त्याची आई बुडाली होती. मायामीतले नातेवाईक त्याला सोडेनात, क्युबातला बाप त्याला मागत होता. शेवटी अमेरिकी सरकारची बंदूकधारी माणसं घरात शिरून त्याला घेऊन गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो, तो फोटो पेपरात आला होता. कपाटात लपलेला माणूस, त्याच्या कडेवर तो पोरगा, आणि समोर बंदूक. दोन्ही देशांत त्याच्या नावाने मोर्चे निघत होते.

आपल्याकडे मोर्चा निघणार नाही, पण मी सही नाकारली तरी तुझ्या आईचं काम थांबत नाही. एका पालकाने संमती दिली नाही तर अनेक्शर सी असतं. तेही अडलं तर फॅमिली कोर्ट. मग तारखा, वकील, आणि एक दिवस जज तुला चेंबरमध्ये बोलावून गोड आवाजात विचारणार, तुला कोणाकडे राहायचंय? हा प्रश्न तुला कोणी विचारू नये, एवढंच मला हवंय. म्युनिकची नोकरी आईने स्वतःच्या हिमतीवर मिळवली आहे. आमचं दोघांचं पटत नाही, हा त्या नोकरीचा गुन्हा नाही.

सिनेमात मला सहीपेक्षा दुसरंच काहीतरी टोचलं. दीपगृहापाशी सगळी मोठी माणसं जमतात आणि जमल्या जमल्या भांडायला लागतात. एवढ्या लांबून आलेल्या पोरांना धड कोणी विचारत नाही की बाबांनो, का आलात? म्हणून मी विचारतोय. वकीलबाईंनी आमच्या कन्सेंट टर्म्सचा, म्हणजे आम्ही दोघांनी मान्य करायच्या अटींचा, कच्चा मसुदा केलाय. त्यात उन्हाळी सुट्टी माझ्याकडे, आणि रोज फोन, असं आहे. पण एक गोष्ट कागदावर सुटत नाही. तिकडे बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, मोठी सुट्टी ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. तू येशील तेव्हा तुझ्या मित्राची शाळा, ट्यूशन, सगळं जोरात चालू असेल. शनिवार-रविवार आणि संध्याकाळी सातनंतर, एवढाच तो तुझा. एक बरं आहे, काही वर्षी गणपती त्या सुट्टीतच येतात, म्हणजे सोसायटीच्या आरतीला तुम्ही दोघं झांजांवरून भांडायला मोकळे.

तो रुसलाय, हे मला माहीत आहे. आठवडाभर खाली खेळायला आला नाही. मालू-होर्हितोपण वाटेत कडाकडा भांडतात बघ, तेही फालतू कारणावरून. तुझं निदान नवीन घर, बर्फ, नवीन दप्तर असं काहीतरी चाललंय. त्याच्या वाट्याला फक्त तुझी रिकामी खिडकी. तेव्हा पहिली हाक तू मार. आणि फोनचं आत्ताच ठरवून टाका, कारण हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते. तुझे दुपारचे चार म्हणजे इथले रात्रीचे साडेआठ, आणि नऊ वाजता त्याची आई फोन काढून घेते.

आता तू असं कर, मसुद्यात काय हवं ते एका कागदावर लिही. अक्षर कसंही चालेल, कायद्याची भाषा वकीलबाई घालतील. गणपतीची सुट्टी, आजीकडचा आठवडा, मांजर कोणाकडे राहणार, काहीही. "मला जायचंच नाही" असं असेल तर तेही लिही. संमतीपत्र अजून व्हिसा ऑफिसात गेलेलं नाही, आपण तिघं बसून बोलू. तुझं ऐकून आई हो म्हणेल की नाही, ते मला आज सांगता येत नाही. मी तरी ऐकणार आहे.

शनिवारपर्यंत दे, सोमवारी वकीलबाईंची वेळ घेतली आहे. हे पत्र आईला दाखवलंस तरी चालेल, मी लिहितोय हे तिला माहीत आहे.

तुझा,
बाबा