छोटी पेटी आणि नागपूरचा मे महिना

सातारा, ११ जानेवारी २०२६

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

नागपूरच्या हॉस्टेलवर गेम खेळायला कॉम्प्युटर हवा म्हणून तू पाठवलेल्या सगळ्या लिंका बघितल्या. कॉम्प्युटरचा तो पांढरा, काचेच्या दाराचा डबा देखणा आहे, त्यात वाद नाही. पण मी फोनवर ‘नको’ म्हटलं की तू ‘का?’ विचारतेस, आणि मी कारण सांगायला लागलो की नेमकी तुझी मेसची वेळ होते. म्हणून लिहून पाठवतोय. अभ्यासाबद्दल यात एक अक्षर नाही, ते खातं तुझ्या आईकडे आहे. (तिला ‘कोडिंगसाठी हवाय’ असं सांगू नकोस. व्हॅलोरंट हा गेम आहे, ते तिला चांगलं ठाऊक आहे.)

लॅपटॉपचं आधी निकालात काढू. ५० हजारांत जे मिळतात ते नावालाच गेमिंग लॅपटॉप. त्यात ग्राफिक्सची चिप बोर्डावर सोल्डर केलेली, ती गेली की अख्ख्या बोर्डाचा खर्च. माझ्या दुकानात असा लॅपटॉप आला की गिऱ्हाइकाला आकडा सांगणं जिवावर येतं. वर्गात न्यायला तुझा जुना लॅपटॉप अजून धडधाकट आहे. तेव्हा डेस्कटॉपच, आणि लहान. इथपर्यंत आपलं एकमत.

भांडण आहे ते ‘लहान’ म्हणजे किती, यावर. तुझा पांढरा डबा मिनी-आयटीएक्स मापाच्या मदरबोर्डाचा, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डाचा. हा बोर्ड १७ सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद. २००१ साली व्हिया कंपनीने तो आणला तेव्हा कमी वीज खाणाऱ्या छोट्या यंत्रांसाठी आणला होता. आज त्यात दणकट मशीन बसतं, पण आकार जितका कमी तितके पैसे जास्त. त्याच चिपसेटचा (म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप तीच) पण मोठ्या, मायक्रो-एटीएक्स मापाचा बोर्ड जवळजवळ निम्म्या किमतीत येतो. आयटीएक्सच्या डब्याला बहुतेक वेळा एसएफएक्स जातीचा छोटा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा भाग, लागतो, तो महाग. सीपीयूवरचा, म्हणजे प्रोसेसरवरचा पंखा बुटका लागतो, ग्राफिक्स कार्ड मिलिमीटरमध्ये मोजून घ्यावं लागतं. म्हणजे पेटी आकसवण्यातच आठ-दहा हजार जाणार आणि गेममध्ये सेकंदाला एक फ्रेमही, म्हणजे एक चित्रही, जास्त मिळणार नाही. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४.४ सेंटीमीटरचा, म्हणजे फक्त ७ सेंटीमीटर मोठा. त्याला साधा एसएमपीएस चालतो, साधा पंखा चालतो, आणि काही बिघडलं तर तो भाग तिथे नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात मिळतो.

दुसरं कारण तुमच्या गावचं हवामान. साताऱ्यात बसून तू हा डबा निवडला असतास तर मी एवढा अडून बसलो नसतो. पण मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं. पंखा आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) मिळून सीपीयूला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत, खोलीतली हवाच आत फिरते. खोली ३८ अंशांवर असेल तर मोजणी तिथूनच सुरू. मी म्हणतोय तो रायझन प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत तग धरतो, त्यापुढे स्वतःच वेग कमी करतो, आणि मग तू मला ‘बाबा, गेम अडकतोय’ म्हणून फोन करणार. काचेची भिंत असेल तर हवा कुठून जाणार? पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घेऊ. दिसायला साधं असेल, असू दे.

आणि हे नीट वाच: कॅबिनेट खोलीतल्या डेझर्ट कूलरच्या तोंडासमोर ठेवायचं नाही. एसीची हवा कोरडी असते, डेझर्ट कूलरची दमट. शिवाय ताटीवरून बारीक तुषार उडतात, पाणी जड असेल तर त्याचा पांढरा थर बसतो. विदर्भातून आलेलं एक मशीन मी उघडलं होतं, रॅमच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. खोडरबराने घासून चालू झालं, पण स्लॉटमध्ये तो हिरवेपणा गेला असता तर बोर्ड संपला होता. कूलरच्या झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, जमिनीवर नाही, असं ठेव.

आता आत काय घालायचं. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी. २०२१ चा आहे, ६ कोर, ६५ वॅटचा, आणि ग्राफिक्स त्याच्या पोटातच आहे. म्हणून सुरुवातीला वेगळं कार्ड लागत नाही. व्हॅलोरंट, रॉकेट लीग मजेत चालतील, जीटीए ५ सेटिंग कमी ठेवून चालेल. सायबरपंकसारख्या जड गेमचा नाद सोड. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं, त्यामुळे रॅमची एक १६ जीबीची काडी नको, ८-८ च्या दोन हव्यात. एकच लावली की रॅमकडून येणारा रस्ता निम्मा होतो आणि फ्रेम धाडकन पडतात. दुकानदार ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून एकच गळ्यात मारतात. रॅम जुन्या, डीडीआर४ पिढीची का, तर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यापासून रॅमचे भाव असे चढलेत की नवी डीडीआर५ आपल्या हिशोबात बसत नाही. डीडीआर४ही महागली आहे, पण माझ्याकडे दोन काड्या जुन्या भावाच्या पडून आहेत.

एसएमपीएसमध्ये मी कंजुषी करू देणार नाही. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो नको. चांगला, ब्राँझवाला (म्हणजे वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला), ४५० वॅटचा. मग दिवाळीला आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड बसवू. ते ७० वॅटच घेतं, बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधूनच वीज मिळते. तेव्हाही अख्खं मशीन २०० वॅटच्या आसपास राहील. वॉर्डनने ‘लोड’चं विचारलं तर सांग, इंडक्शन शेगडी याच्या सात-आठ पट ओढते. ५६००जीचा एक तोटा आहे, नुसत्या ५६०० पेक्षा त्यात कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, निम्मी, त्यामुळे कार्ड लावल्यावर काही गेममध्ये थोडा मागे पडेल. पण कार्डाशिवाय आजपासून खेळता येतंय, त्यापुढे हा तोटा मी धरत नाही.

तुझा मित्र म्हणतो ते ऑफिसचं रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं आणि दुरुस्त करून विकलेलं मशीनही वाईट नाही. लीज संपलेली अशी मशीन माझ्याकडे पुण्याहून येतात. पण त्यात बहुतेकदा बुटकंच कार्ड बसतं आणि एसएमपीएस त्या कंपनीच्या खास आकाराचा, तो गेला की शोधत फिरा. घ्यायचंच असेल त्याला तर इंटेलच्या आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीच्या प्रोसेसरचं घ्यायला सांग, त्याआधीच्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ ला संपले. एक लिटर आकारमानाच्या चपट्या कॉम्प्युटरना तर बहुतेक कार्डाची जागाच नसते.

मॉनिटर दुकानातला २२ इंची ने, तो नुसता धूळ खातोय. कीबोर्ड निळ्या स्विचचा नको, त्याच्या बटणांचा टकटक आवाज फार. तू रात्री दोनला खेळणार आणि शेजारच्या पलंगावरची मुलगी सकाळी आठच्या लेक्चरला जाणार, महिनाभरात तुमची बोलचाल बंद होईल.

जोडणी मी इथे करतो आणि महाराष्ट्र एक्सप्रेसने स्वतः घेऊन येतो. पार्सलने पाठवणार नाही. दिवाळीनंतर सुट्टीत घरी आणशील तेव्हा कार्ड काढून वेगळं गुंडाळायचं, बसलेलं ठेवलं तर रेल्वेच्या धक्क्यांनी स्लॉट तडकू शकतो. कॅबिनेट आडवं झोपवायचं, बोर्ड खालच्या बाजूला. बिल तुझ्या नावावर करतो, सिरियल नंबरांचे फोटो तुझ्या फोनवर असू देत.

टेबलाशेजारचा तो कप्पा तेवढा मोजून पाठव, उंची, रुंदी आणि खोली तिन्ही. अंदाजाने नाही, टेप लावून. मागे वायरींसाठी चार बोटं सोडून. रविवारपर्यंत माप आलं तर सोमवारी कॅबिनेट मागवतो.

तुझा,
बाबा