हजेरीच्या वहीत ठेवलेलं पत्र

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून नवल करू नकोस. तू बँकेतून येतेस तेव्हा माझा स्वयंपाक चाललेला असतो. जेवताना शब्बाथ शाळेचा, चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाचा, विषय निघाला की आपण दोघी नाताळच्या नाटिकेवर आणि सामानाच्या खर्चावर येतो, आणि मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून लिहून या वहीत ठेवते. येत्या रविवारी पाळकसाहेब उपासनेत तुझ्यासाठी प्रार्थना करतील आणि पोरं तुझ्या हाती येतील. त्याच्या आधी हे वाच.

पेटीत काय काय आहे ते तुला ठाऊक आहे. फलालैनचा फळा, चित्रं, सोनेरी कागदाचे तीन मुकुट, मेंढपाळांसाठी दोन जुन्या सोलापुरी चादरी आणि डोक्याला बांधायचे टॉवेल. ते सगळं हरवलं तरी चालेल, पुन्हा करता येईल. ही लाल पुठ्ठ्याची वही मात्र जप. चोवीस वर्षांत अशा अकरा वह्या भरल्या. सगळ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत.

तू म्हणशील, हजेरी तर शाळेतही घेतात. पहिली काही वर्षं मलाही तसंच वाटायचं. नाव पुकारायचं, 'ह' नाहीतर 'गै' लिहायचं, पान उलटायचं. त्या 'गै'चा अर्थ मला एका मुलाने शिकवला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. आता तो मोठा माणूस आहे, त्याची गोष्ट त्याची आहे.

तू तेव्हा दुसरीत होतीस. तो नऊ वर्षांचा असेल. घरी तेलुगू बोलायचे, आई विड्या वळायची. रविवारी वर्गात आला की त्याच्या बोटांना तंबाखूचा वास यायचा, कारण शनिवारी रात्री आईला पानं कापून द्यायला तोही बसायचा. बालदिनाच्या उपासनेत शास्त्रपाठ मुलांनीच वाचायचा असतो. मी मोठ्या कौतुकाने त्याला उभं केलं. त्याने पवित्र शास्त्र हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला. एक शब्द नाही. मागच्या बाकांवरून पोरं हसली. आणि मी, बाळा, सगळ्या मंडळीसमोर त्याला म्हटलं, "घरी वाचत नाहीस का रे?" एवढंच म्हटलं. पुस्तक त्याच्या हातातून घेऊन दुसऱ्या मुलीला दिलं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. मी 'गै' लिहिलं. त्याच्या पुढच्या रविवारीही लिहिलं. नाताळची तयारी होती, गाणी बसवायची होती, देवदूतांचे पंख शिवायचे होते. एके दिवशी वही चाळताना त्याच्या नावापुढे सात 'गै' एका रांगेत दिसले. अक्षर माझंच. सात वेळा मी लिहिलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं.

गेले त्यांच्या जुन्या घरी. कुलूप. शेजारीण म्हणाली, शहराबाहेर कुंभारीला गेले. २००६ साली कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, त्यात त्याच्या आईलाही घर मिळालं होतं. बस बदलून गेले. सगळी घरं एकसारखी, विचारत विचारत तासभर फिरले. सापडला तेव्हा दारात आजीजवळ बसला होता. मला बघून आत पळाला. आईने बोलावून आणला. मी त्याला म्हटलं, माझं चुकलं, मी तसं बोलायला नको होतं. त्याच्या आईसमोर, आजीसमोर म्हटलं. बराच वेळ तो जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "टीचर, मला वाचता येत नाही. पाठ येतं." आणि त्याने सुरू केलं, "यहोवा ना कापरि, नाकु लेमि कलुगदु..." 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे तेविसावं स्तोत्र, तेलुगूत, अख्खं, एकदाही न अडखळता. आजीने शिकवलेलं.

मी त्याला मराठी पुस्तक हातात दिलं होतं आणि माझी समजूत अशी की त्याला काहीच येत नाही. पवित्र शास्त्रात प्रेषित पौलाने आपल्या तरुण शिष्याला, तीमथ्याला, लिहिलंय बघ, तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात जो विश्वास होता तोच तुझ्यात आहे. तो विश्वास त्या ओट्यावर बसून तंबाखू निवडत होता, आणि मी त्याची परीक्षा घेत होते.

तो परत दर रविवारी येऊ लागला असं तुला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. दोनदा आला. बसचे पैसे, लांबचा रस्ता, रविवारचं घरातलं काम. मग थांबला. मी सात आठवडे आधी गेले असते तर ते शहरातच राहत होते, आपल्यापासून पायी वीस मिनिटांवर.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि तो तुला देते. दोन 'गै' झाले की तिसरा रविवार उजाडायच्या आत त्या घराच्या दारात उभं राहायचं. फोन नाही, व्हॉट्सॲप नाही. दारात. आपल्या सोलापुरात हे शक्य आहे. कुणाकडे बाप दारू पिऊन आलेला असतो, कुणाकडे धाकटं आजारी असतं, कुणाकडे फक्त बूट फाटलेले असतात आणि पोर लाजतं. दारात गेल्याशिवाय यातलं काही कळत नाही.

आणि वाचायला कुणालाही अचानक उभं करू नकोस. आधी विचार, आदल्या रविवारी पाठ दे, नको म्हटलं तर नको. सुवर्णवचन, म्हणजे त्या रविवारी पाठ म्हणायचं वचन, तेलुगूत म्हटलं, कन्नडमध्ये म्हटलं, तरी त्याच्या नावापुढे चांदणी लाव.

वाचण्यावरून आठवलं. शब्बाथ शाळा ही गोष्ट सुरूच मुळी वाचता न येणाऱ्या पोरांसाठी झाली. इंग्लंडात ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स नावाचा वर्तमानपत्रवाला होता. त्याने १७८० साली रविवारची शाळा काढली, कारण तिथली गरीब पोरं आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यात राबायची. रविवारच तेवढा मोकळा. धर्माचं शिकवायचं आणि अक्षर ओळख करून द्यायची, दोन्ही एकाच बाकावर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आपलं सोलापूर डोळ्यासमोर आलं. इथे १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी निघाली आणि गाव भोंग्यावर उठू-झोपू लागलं. तुझे पणजोबा त्या जुन्या गिरणीत होते. अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी इथे शाळा काढल्या, त्यात आपल्या घरात पहिलं अक्षर आलं. म्हणून कुणी पोर तुला वाचता येत नाही म्हणालं तर वर्ग संपल्यावर अर्धा तास थांब. तेही आपलंच काम आहे, फार जुन्यापासून.

आता एक कठीण गोष्ट. हे मी तोंडावर बोलायला कचरले असते, म्हणूनही पत्र.

कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर एकटा राहणार नाही. वर्गात कायम दोघं शिक्षक, दार उघडं. लहानांना संडासला न्यायचं तर दोघींनी. घरी सोडताना ज्याचं नाव वहीत लिहिलंय त्याच्याच हाती द्यायचं, "मी मामा आहे" म्हणणाऱ्याच्या नाही. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकायचे नाहीत. हा नियम चर्चच्या पंचांनाही, पाळकसाहेबांनाही आणि आपल्या घरच्या माणसांनाही. कुणी म्हणेल, एवढा अविश्वास? त्याला शांतपणे सांग, नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाचा अपमान होत नाही.

आणि देव न करो, पण एखाद्या पोराने काही सांगितलं, तर त्याचं पूर्ण ऐक. "खरं सांगतोस ना?" असं विचारू नकोस. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नकोस, कारण ते तुला पाळता येणार नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळतं, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर मी वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने लिहून ठेवलाय. तेव्हा तुझ्याकडे मोठी माणसं येतील आणि म्हणतील, मंडळीची अब्रू जाईल, आपण आपसात मिटवू. ऐकू नकोस. लहानांपैकी एकाला जो अडखळवतो त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं बरं, असं प्रभू म्हणाला. मंडळीच्या अब्रूबद्दल तिथे एक शब्द नाही. अशा वेळी मी तुझ्या बाजूला उभी असेन, कितीही म्हातारी झाले तरी.

शेजारच्या हिंदू, मुसलमान घरांतली पोरंही खेळायला, गाण्यांना येतात, हे तू बघतेसच. येऊ देत. पण आधी त्यांच्या आईला भेट आणि काय शिकवतो ते सरळ सांग. ती हो म्हणाली तरच. खाऊ सगळ्यांना सारखा, वचन पाठ असो नसो. बिस्किटाच्या पुड्यावर कुणाचा विश्वास तोलायचा नाही. आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाळण्यात बसायला आपली पोरं गेली, रविवार बुडला, तर रागावू नकोस. मी रागवायचे. आता वाटतं, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत अख्खं गाव असतं, तिथे आपलं पोर नसलं तर ते या गावचं कसं?

गोष्टी कशा सांगायच्या ते तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. एकच सांगते. पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन आलेला मुलगा. तेवढ्यावर येशूने हजारोंना जेवू घातलं. चारही शुभवर्तमानांत तो चमत्कार आहे, पण भाकरी एका मुलाकडे होत्या हे फक्त योहान सांगतो. त्या जवाच्या भाकरी, गरिबाच्या. आपल्याकडे जव नाही, म्हणून मी ज्वारीची कडक भाकरी नेते. पोरांसमोर मोडायची. तो कडकन आवाज झाला की मागची पोरंसुद्धा गप्प होतात. मग प्रत्येकाच्या हातावर एक तुकडा आणि शेंगा चटणी. तोंडात घास असताना विचारायचं, त्याच्या आईने किती वाजता उठून थापल्या असतील? ज्यांच्या आया पहाटे उठतात त्या पोरांचे डोळे बघ त्या वेळी.

उन्हाळी शिबिर मेमध्ये घ्यायचं तर सकाळी साडेसातला सुरू, साडेदहाच्या आत पोरं घरी. बेचाळीसच्या वर पारा जातो आणि आपल्या हॉलवर पत्रा आहे. पाण्याचे माठ आदल्या रात्री भरायचे. खर्चाचं अंदाजपत्रक वार्षिक सभेआधी पंच कमिटीला लेखी दे, तोंडी मागितलेलं विसरलं जातं.

आणि मुलं उपासनेत बसू देत. काहींना ती नको असतात, गडबड करतात म्हणून. तू भांड. निदान पहिली गाणी होईपर्यंत तरी. ॲक्शन साँग्ज शिकव, त्यांना आवडतात, पण रेव्हरंड टिळकांची पदंही त्यांच्या कानावर पडायला हवीत. अभंगाच्या चालीवर ख्रिस्त गाणारा तो माणूस १९१९ साली गेला. मी त्यांची पदं तुझ्या आजोबांच्या मांडीवर बसून ऐकली, अर्थ न कळता. अर्थ पुढे येतो. मार्काने लिहिलंय, शिष्यांनी लेकरांना अडवलं तेव्हा येशूला राग आला. स्वतःच्याच शिष्यांचा राग. कुणी फार अडवलं तर तेवढा अध्याय वाचून दाखव, दहावा.

माझे गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत, म्हणून मी थांबतेय. कंटाळून नाही. पहिला रविवार तुला जड जाईल, कारण पोरं माझ्याकडे बघतील. म्हणून मी त्या दिवशी वर्गात येणार नाही, मागच्या बाकावर बसून प्रार्थना करेन.

हॉलच्या कुलपाची किल्ली अर्धी घालून थोडी उचलायची, मग फिरते.

वहीचं चौथं पान उघड. वरून सहावं नाव, धाकट्या वर्गातली, दोन वेण्यांची. तिच्यापुढे दोन 'गै' आहेत. शनिवारी तू बँकेतून आलीस की चहा घेऊन निघू. घर मला माहीत आहे, पण दार तू वाजव.

तुझी,
आई