गाठी काढण्याआधी गाळातली बुरशी जपा

महोदय,

भारत सरकारच्या खोल समुद्र मोहिमेचा विषय निघाला की समुद्रतळावर पडलेल्या निकेल, कोबाल्ट आणि मँगनीजच्या गाठींचीच चर्चा होते. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा टापू या शोधासाठी भारताकडे आहे. त्याच महासागराच्या तळात, सुमारे ५,००० मीटर खोल गाळात बुरशीही सापडते. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती प्रयोगशाळेत वाढवून दाखवली आहे. तिथे पाण्याचा दाब हवेच्या सुमारे ५०० पट, थंडी कडाक्याची आणि उजेडाचा थेंब नाही! या गाळातल्या अ‍ॅस्परजिलस बुरशीने प्रथिने तोडणारे असे विकर (एन्झाइम) दिले, की जे थंड आणि अल्कधर्मी पाण्यातही काम करते. पाणी न तापवता कपडे स्वच्छ करणाऱ्या पावडरीसाठी नेमके हेच हवे असते.

औषधांचे तर विचारूच नका. इटलीच्या सार्डिनिया बेटावरल्या काल्यारी येथे, सांडपाणी समुद्राला मिळते तिथल्या बुरशीतून १९४५ मध्ये शास्त्रज्ञ जुझेप्पे ब्रोत्झू यांना सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकाचा (अँटिबायोटिक) माग लागला. ती बुरशी किनाऱ्याची होती, तळाची नव्हे. पण आज डॉक्टर सर्रास लिहून देतात ती सेफिक्झिमची गोळी त्याच कुळातली.

गाठी उचलणारे यंत्र गाळाचा वरचा थरही ढवळून काढणार. म्हणून सरकारने उत्खननाआधी या टापूतल्या गाळाचे नमुने घेऊन त्यातली बुरशी जिवंत जतन करावी आणि त्यासाठी मोहिमेच्या खर्चात स्वतंत्र तरतूद ठेवावी.

– एक वाचक, रत्नागिरी