गोरखा पलटणींची कीर्ती आणि थांबलेली भरती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला गोरखा सैनिकांवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत. पण ‘कुकरी एकदा म्यानाबाहेर आली की रक्त लागल्याशिवाय आत जात नाही’ हे वाक्य चौकटीत, ठळक अक्षरांत पाहिले आणि पत्र लिहायला बसलो.

मी आर्मी मेडिकल कोरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. नोकरीतली बरीच वर्षे एका गोरखा पलटणीच्या एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, गेली. तिथे कुकरी रोज म्यानाबाहेर यायची ती सरपण फोडायला, तंबूच्या खुंट्या तासायला, लंगरात मटण तोडायला. काम झाले की पुसून, तेलाचा हात फिरवून परत म्यानात. त्याच म्यानाच्या पाठीला दोन लहान पाती खोचलेली असतात. एक बारीकसारीक कापायला, दुसरे बोथट, ते पात्याची धार सारखी करायला. दसऱ्याला मात्र पलटणीत बळीचा मान असतो आणि तो एका घावात द्यावा लागतो. ती पूजा आहे. तिच्यावरून या माणसांना रक्ताची चटक असल्यासारखे कोणी लिहिले की मला फार लागते.

गोरख्यांच्या नावाचा दरारा खरा आहे, पण तो अशा दंतकथांवर उभा नाही. १८१४ साली इंग्रज-नेपाळ युद्धात डेहराडूनजवळच्या नालापाणीच्या किल्ल्यात बलभद्र कुंवर यांनी मूठभर लोकांनिशी इंग्रजांना थोपवले. जनरल गिलेस्पी तिथेच पडला. शेवटी इंग्रजांनी किल्ल्याचे पाणी तोडले, तेव्हा उरलेसुरले लोक वेढा फोडून निघून गेले. पुढे इंग्रजांनी तिथे आपल्या मृतांसाठी स्तंभ उभारला आणि त्याच्या शेजारीच दुसरा बलभद्रांच्या नावाने.

मला अधिक मोलाची वाटते ती १९७१ च्या युद्धातली, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या सिल्हेटची लढाई. आपल्या लेखात तिचा उल्लेखही नाही, आणि त्या पलटणीचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुण हरोलीकर! पलटण ४/५ गोरखा रायफल्स, म्हणजे पाचव्या गोरखा रेजिमेंटची चौथी पलटण. नोव्हेंबरमध्ये आटग्रामला रात्रीच्या अंधारात कुकरी हल्ला झाला. तिथल्या पराक्रमासाठी हरोलीकरांना आणि रायफलमन दिलबहादूर छेत्री यांना महावीर चक्र मिळाले. डिसेंबरच्या सुरुवातीला गाझीपूरची लढाई झाली आणि लगेच ७ तारखेला हेलिकॉप्टरने थेट सिल्हेटच्या तोंडावर उतरण्याचा हुकूम आला. आपल्या सैन्याचा हा असा पहिलाच प्रयोग. माणसे उरली होती चारशेच्या आत. त्याच पलटणीचे मेजर इयान कार्डोझो सांगतात की बीबीसीने गोरख्यांची आख्खी ब्रिगेड, म्हणजे अनेक पलटणींची फौज, उतरल्याची बातमी दिली आणि पाकिस्तान्यांनी ती खरी मानली. पलटणीने ते सोंग शेवटपर्यंत निभावले. शरणागती झाली तेव्हा समोरून तीन ब्रिगेडियर आणि सहा हजारांहून अधिक सैनिक हात वर करून आले. नावाच्या धाकाने दोन्हीकडचे किती जीव वाचले असतील, याचा हिशेब कोण मांडणार?

याच लढाईत कार्डोझो साहेबांचा पाय सुरुंगात गेला. मॉर्फिन नव्हते, शस्त्रक्रियेची सोय नव्हती. त्यांनी आपल्या गोरखा बॅटमनला, म्हणजे दिमतीच्या जवानाला, कुकरीने पाय तोडायला सांगितले. त्याचा हात उठेना. मग साहेबांनी कुकरी मागून घेतली आणि स्वतःच घाव घातला. मी जखमांमध्ये नोकरी केली आहे. चौकट छापायचीच असेल तर साहेबांच्या पायावर कुकरी उचलू न शकलेल्या त्या जवानाची छापा.

झाकायचेही काही नको. जालियनवाला बागेत डायरच्या हुकमावर गोळी झाडणाऱ्यांत गोरखे होते. पुढे भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्या १९४७ च्या त्रिपक्षीय कराराने दहापैकी सहा रेजिमेंट भारताकडे आणि चार ब्रिटनकडे गेल्या. ब्रिटनकडे जायला नकार देणाऱ्यांना सामावून घेण्यासाठी आपण १९४८ मध्ये ११ गोरखा रायफल्स उभी केली. कारगिलमध्ये खालुबारला लेफ्टनंट मनोजकुमार पांडे पडले ते याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतून.

आता मूळ मुद्दा. आधी करोनामुळे आणि २०२२ पासून चार वर्षांच्या भरतीच्या अग्निपथ योजनेमुळे नेपाळमधली भरती थांबली आहे. चार वर्षांनी चारातल्या तिघांना घरी पाठवायचे, हे ४७ च्या करारात बसत नाही असे नेपाळचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते. तिथल्या डोंगरातल्या घरांचा हिशेब मी जवळून ऐकला आहे. आमच्या पलटणीतली पोरे सुट्टीवर निघत, तेव्हा गाडीरस्ता संपल्यावर पुढे दिवस दिवस चालत घर गाठत. जाण्याआधी माझ्याकडे यायची, ‘गुरुजी, आमासाठी गुडघ्याचं औषध द्या,’ म्हणून. आमा म्हणजे आई. बाप पेन्शनीत, मुलगा पलटणीत, धाकटा भरतीच्या तयारीत डोंगर चढ-उतरतोय, अशी घरे पिढ्यान् पिढ्या चालली. पेन्शन घ्यायला पोखरा नाहीतर धरानच्या कार्यालयात जायचे आणि त्यातून भावंडांच्या शाळेची फी भरायची. आज त्या धाकट्याच्या वयाची पोरे आखातात मजुरीला जातात.

नेपाळचे जुने जवान पेन्शनीत निघत आहेत आणि त्यांच्या जागी तिथला नवा माणूस येत नाही. सरकारने नेपाळशी बसून या पलटणींपुरती तरी पूर्ण मुदतीची नोकरी ठेवावी. आपल्या जिल्ह्यातल्या माजी सैनिक संघटनांनी आणि खासदारांनी हे लावून धरावे, सैनिकांचा जिल्हा म्हणून साताऱ्याला तो अधिकार आहे. आपणही पुरवणीत एक पान या प्रश्नाला द्यावे, आणि ते लिहिताना एखाद्या गोरखा पेन्शनराशी बोलावे, ही विनंती.

— आर्मी मेडिकल कोरचा एक निवृत्त हवालदार,
कोरेगाव (जि. सातारा)