दादासाठी ते औषध

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही हळू आवाजात विचारलंत, "ते मशरूमचं औषध दादाला मिळेल का गं?" आई मागे उभी राहून ऐकत होती, मला तिच्या बांगड्या वाजलेल्या कळल्या. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

मशरूमच्या औषधानं दारू सुटते, ही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बातमी अगदीच खोटी नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. मायकेल बोगेनशुट्झ यांनी दारू न सुटणाऱ्या ९३ जणांवर चाचणी केली, २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. काहींना सायलोसायबिन, म्हणजे त्या मशरूममधलं द्रव्य दिलं, काहींना साधं अ‍ॅलर्जीचं औषध. पुढच्या ३२ आठवड्यांत बेसुमार पिण्याचे दिवस पहिल्या गटात शंभरात दहाच्या आत आले, दुसऱ्यात चोवीसच्या आसपास राहिले. पण आपल्याला काय मिळालंय हे बहुतेकांनी ओळखलं होतं, त्यामुळे त्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबता येत नाही. शिवाय औषध फक्त दोनदा होतं आणि समुपदेशन सगळ्यांनाच १२ आठवडे. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनी नेमकं तेच गाळलंय.

इथे मेलबर्नला मी काम करते त्या दवाखान्यात हे औषध देतात, तेव्हा माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून पलंगावर पडलेला असतो. आम्ही दोघं सहा-आठ तास त्याच्याजवळ बसतो, मधूनमधून बीपी बघतो. कुणी हमसून रडतं, कुणी आईला हाका मारतं. आधी विचारून ठेवलेलं असतं, हात धरला तर चालेल का म्हणून. त्या हातातला थरथराट मला घरी येईपर्यंत जाणवत राहतो. पण १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात सायलोसायबिनला जी परवानगी आहे, ती इतर उपायांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी. दारूसाठी नाही. आणि भारतात ते अमली पदार्थांच्या कायद्यात येतं.

आई, आता जे लिहिते त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मामाला आवाज ऐकू यायचे. आपण घरात ते कधीच बोललो नाही. रक्ताच्या नात्यात असा आजार असला की डॉक्टर हे औषध द्यायला फार बिचकतात, कारण त्यानं भ्रम सुरू होऊ शकतो. म्हणून कुणी पुडी, कॅप्सूल पाठवतो म्हणालं तर पैसे देऊ नका.

आणि दादाची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात फोन करा, मी पण बोलेन त्यांच्याशी. दादाला सांगा, रात्री झोप लागली नाही तर मला फोन कर. इथे पहाटेचे चार वाजले असले तरी मी उचलेन.

तुमची,
ताई