तोंड आलं की तारीख लिही

नागपूर, 14 फेब्रुवारी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोललीच नाहीस. आईनं खोदून विचारलं तेव्हा म्हणालीस, "तोंड आलंय, बोलवत नाही." मृग बहाराची संत्री तुझ्यासाठी पेटीत भरून ठेवली होती, ती रात्रीच परत उघडली. त्यांचा आंबट रस छाल्यावर पडला असता, तर पुण्याहून तुझी किंकाळी इथे ऐकू आली असती.

तू पाठवलेला फोटो चष्मा लावून नीट पाहिला. खालच्या ओठाच्या आत एक, जिभेच्या कडेला एक. मसुराएवढे, मधे पिवळट, भोवती लालभडक कडा. हे साधं तोंड येणं. असे लहान छाले सात ते चौदा दिवसांत आपोआप भरतात, पहिले तीन-चार दिवस मात्र जीव खातात. ते एकाचे दुसऱ्याला होत नाहीत, तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीनं ग्लास वेगळा ठेवायचं कारण नाही. ओठाच्या बाहेर पाणी भरलेल्या पुटकुळ्यांचा झुबका उठतो ना, तो हर्पीस नावाच्या विषाणूचा. तो एकाचा दुसऱ्याला लागतो.

दिवसातून तीन-चारदा कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या कर. मेसची तिखट भाजी आणि कडक चहा आठवडाभर बंद. दहीभात, मऊ खिचडी खा. जेवणच जात नसेल तर दुकानात बधिर करणारी जेल मिळते, जेवणाच्या जरा आधी लाव. डॉक्टर ट्रायमसिनोलोनचं मलम देतात, ते रात्री झोपताना जागा कापसानं टिपून नुसतं टेकवायचं, चोळायचं नाही. आत्या म्हणते, तोंडली चावून खा, जाईची पानं चघळ. खा बापा, त्यानं नुकसान नाही. पण लवंगेचं तेल तसंच लावू नकोस आणि अॅस्पिरिनची गोळी चुरून तर मुळीच नाही. दोन्हींनी चामडी भाजते, मग एका छाल्याचे दोन होतात.

आता मला खरी काळजी आहे ती दुसरीच. आई म्हणते, दिवाळीपासून ही तुझी तिसरी खेप. परीक्षेचा ताण आणि जागरण ही कारणं आहेतच. एखाद्या दाताची टोकदार कड घासते का, तेही आरशात बघ. टूथपेस्टच्या मागे सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलेलं असेल तर ती बदलून पाहा; फेस करणारा तो पदार्थ काहींना बाधतो. पण तू अंडं खात नाहीस, दूध तुला नको असतं, म्हणून माझा संशय बी 12 जीवनसत्त्वाच्या आणि लोहाच्या कमतरतेवर जास्त आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी 12, फॉलिक अॅसिड, एवढं रक्त तपासून घे. तपासल्याशिवाय गोळ्यांची पट्टी सुरू करू नकोस. कमतरता बी 12 ची असली आणि पोटात नुसतं फॉलिक अॅसिड गेलं, तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

तू म्हणशील, बाबा एवढे डॉक्टर कधीपासून झाले? तेच सांगतो.

तुला वाटतं मी खर्रा आईच्या शपथेमुळे सोडला. तसं नाही. 2012 साली राज्यात गुटखाबंदी झाली तेव्हा मी तोऱ्यात म्हणालो होतो, आपण कुठे गुटखा खातो, आपला तर समोर घोटलेला ताजा खर्रा. ठेल्यावरचा पोरगा पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून घोटायचा, त्या आवाजानंच माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. मग सावजी रस्सा झोंबायला लागला. मी म्हटलं, मसाला वाढला. अधूनमधून छाले यायचे. मी म्हटलं, उष्णता आहे, नागपूरचा उन्हाळा. मेडिकलच्या एका दुकानदारानं बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, त्या दीड वर्ष खाल्ल्या.

तू दहावीत होतीस, लग्नात गुपचुपचा, म्हणजे तुमच्या पुण्याच्या पाणीपुरीचा, स्टॉल होता. मी गुपचुप तोंडात टाकायला गेलो आणि ते मावेचना. बोटानं ढकललं तर ओठावरच फुटलं, पाणी सगळं शर्टावर. तू हसली होतीस. मीही हसलो. घरी आल्यावर आरशासमोर उभं राहून तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालून पाहिली. दोनच गेली.

दुसऱ्याच दिवशी मेडिकल चौकातल्या डेंटल कॉलेजला गेलो. तिथल्या बाईंनी गालाला आतून बोट लावलं आणि म्हणाल्या, "काका, चामडी दोरीसारखी झाली आहे." ही सुपारीची करणी, नुसती सुपारीही कर्करोग करते, तंबाखू लागतोच असं नाही. गालात इंजेक्शनं झाली. दाढांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चळत ठेवून मी रोज बसायचो, तुला सांगितलं होतं दातांचा व्यायाम आहे. तेव्हा अठरा काड्या मावायच्या, आता चोवीस मावतात. तोंड पूर्वीसारखं होणार नाही. दर सहा महिन्यांनी दाखवून येतो.

बाईंनी तेव्हा एक सांगितलं होतं, ते तुझ्यासाठी लिहून ठेवतो. ठणकणारा छाला बहुधा साधा असतो. सुरुवातीचा कर्करोग पुष्कळदा दुखतच नाही, म्हणून माणूस थांबतो. कडा कडक लागते, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल डाग असतो, मानेत गाठ लागते, आणि जखम भरत नाही. तीन आठवडे झाले आणि जखम तशीच असली, तर दुखो न दुखो, दाखवायचं. तुझ्या वयात आणि तुझ्या बाबतीत असलं काही नसणार. पण दिवस मोजायला तारीख लागते, आणि आपण तीच विसरतो. मी दीड वर्ष विसरलो होतो.

म्हणून टेबलावरच्या कालनिर्णयावर छाला आला त्या दिवसावर एक फुली मार. पुढच्या खेपेलाही मार. रक्ताचा रिपोर्ट आला की फोटो पाठव, आईला नाही, मला. ती रात्रभर झोपणार नाही.

संत्र्यांची अर्धी पेटी आत्याकडे दिली. बाकीची अजून झाडावर आहेत, तुझं तोंड बरं झालं की तोडतो.

तुझा
बाबा