माळ्यावर तीस किलो सोलं आहेत

डिचोली,
बुधवार, रात्री

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले असते, पण फोनवर तू ‘हो आई, बघतो आई’ म्हणतोस आणि मी फोन ठेवला की विसरतोस. म्हणून हा कागद. आज बाजाराचा दिवस होता, पाय भरून आलेत, तरी जेवणं उरकून बसलेय.

चतुर्थीला आलास, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला हात लावलास आणि उरलेल्या दिवसांत आपलं दुकान ऑनलाइन उभं करून गेलास, त्याचं कौतुक आहेच. तीन आठवड्यांत १९ ऑर्डरी आल्या. बाबा येईल त्याला मोबाइल दाखवतात. पण काल शेजारच्या सुनेने ते दुकान मला नीट, खालपर्यंत दाखवलं आणि माझा जीव वरखाली झाला.

कोकमाच्या सोलांच्या फोटोखाली लाल अक्षरांत काय लिहिलंयस? ‘फक्त ३ पाकिटं शिल्लक, त्वरा करा!’ मी उठून माळ्यावर बघून आले. बरण्या तशाच आहेत, तीसेक किलो सोलं असतील. अरे, बत्तीस वर्षं मी त्या बाजारात बसते. संपत आलं म्हणून कुणाच्या गळ्यात माल मारला असता, तर पुढच्या बुधवारी तीच बाई तीच रास बघून हसून पुढे गेली असती. तू पुण्यात बसतोस, तुला कोण हसणार? पण रास तर माझी आहे ना.

आणि ती कापडी पिशवी. गिऱ्हाइकाने मागितली नाही तरी ४० रुपयांची पिशवी आपोआप बिलात येते, नको असेल तर त्याने शोधून टिक काढायची. आपला जीएसटीचा हिशेब बघणारा मुलगा म्हणाला, काकी, हे दोन्ही चालत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांच्या केंद्रीय प्राधिकरणाने अशा १३ क्लृप्त्यांची यादीच काढलीय, त्यात खोटी घाई आहे आणि न विचारता टोपलीत वस्तू टाकणंही आहे. मला यादी लागत नाही, पण तुला लागेल म्हणून लिहिते. दोन्ही आजच काढ.

त्या जागी काय लिहायचं ते सांगते. बाजारात सोलं उचलून बायका काय विचारतात ते मला पाठ आहे. पहिलं, ‘हे वर पांढरं काय? बुरशी?’ नाही, ते मीठ. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून साली मिठात घालायच्या, उन्हात वाळवायच्या, सुटलेल्या रसात परत बुडवून परत उन्हात, असे पाच-सहा पुट दिले की वर मीठ फुलतं. दुसरं, ‘मऊ का आहेत?’ मऊच हवीत. कागदासारखी कुरकुरीत झाली की समज जुनी. पावसात थोडी ओलसर होतात, ती बिघडत नाहीत. तिसरं, ‘कढीला किती घालू?’ चार माणसांना सात-आठ, आणि मीठ शेवटी चाखून, कारण सोलांत आहेच. हे तीन प्रश्न आणि ही तीन उत्तरं जशीच्या तशी घाल. तू लिहिलंयस ‘निसर्गाच्या कुशीतून थेट तुमच्या ताटात’. याने कुणाची कढी होते?

फोटोही बदल. ट्यूबलाइटखाली सोलं काळी ठिक्कर दिसतात. सकाळी आठला सोप्यावर ऊन येतं, तेव्हा स्टीलच्या ताटात पसरून मी काढून ठेवलेत, शेजारची सून पाठवेल.

मिरचीचं नाव मात्र लगेच दुरुस्त कर, हे भांडणाचं आहे. तू ‘खोला मिरची’ लिहिलंस. खोला कुठे, काणकोणात. त्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव तिथल्या डोंगरउतारावर पिकवणाऱ्यांचं. आपली मिरची मी वाळपईच्या बाजारातून घेते. चांगली आहे, रंग येतो, पण खोल्याची नाही. नुसतं ‘गावठी मिरची’ लिही.

आता खोक्याची गोष्ट, यात पैसे गेलेत. तू एकाच मापाची खोकी मागवून ठेवलीस, ३० बाय २० बाय २०. अर्धा किलो सोलं आणि पाव किलो मिरची, खोकं धरून ९०० ग्रॅम भरलं. कुरियरवाल्याने अडीच किलोचे पैसे लावले. मी त्याच्याशी भांडले, आणि भांडण माझंच चुकीचं निघालं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, ते वजन तराजूतल्या वजनापेक्षा जास्त निघालं तर पैसे त्याचे. शिवणाची टेप घेऊन बसले. १२,००० भागिले ५,०००, दोन किलो चारशे. म्हणजे आपण दीड किलो वारा पाठवला! २० बाय १५ बाय १० चं खोकं घेतलं तर सहाशे ग्रॅम होतात, मग तराजूचंच वजन लागतं. माल त्यात बसतो, मी बसवून बघितला.

आगळ, तो कोकमाचा खारवलेला रस, मात्र सध्या बंद कर. काचेची बाटली ठाण्याला पोचली ती अर्धी, बाकी सगळं खोकं लाल. त्या बाई चांगल्या, फोटो पाठवून हसल्या. पैसे मी परत केले. पत्र्याचं झाकण तसंही मिठाने आणि आंबटाने गंजतं. जाड प्लास्टिकच्या, आतून सील लागणाऱ्या बाटल्या मिळाल्या की बघू. लोणचंही तोवर नको. तू १४ वस्तू मांडल्यास, मला चार झेपतात.

पार्सल मिळाल्यावर पैसे, हा पर्यायही थोडे दिवस काढ. नागपूरचं पार्सल ‘घरी कोणी नाही’ म्हणून परत आलं, जातानाचे आणि येतानाचे दोन्ही पैसे आपले. त्यापेक्षा कार्डाचं कमिशन परवडलं: ५०० वर २ टक्क्यांचे १० रुपये आणि त्या दहावर १८ टक्के जीएसटी, १ रुपया ८० पैसे.

जीएसटीचा नंबर मी आधीच घेतला ते बरं झालं. आपल्याच साइटवरून कर लागणारा माल राज्याबाहेर पाठवायचा तर उलाढाल कितीही कमी असो, तो लागतोच. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर, निव्वळ वजन, सगळे कर धरून किंमत आणि पॅकिंगचा महिना पाकिटावर आहे, पण साइटवर नंबर दिसत नाही, तो घाल. तक्रारीसाठी नाव-फोन द्यायचा असतो, ४८ तासांत पोच द्यावी लागते म्हणे. तिथे माझं नाव घाल. तू मीटिंगमध्ये असतोस.

आता हे पान उलटून बघ. मागे छापलंय ना आपलं पत्रक, साइटच्या पत्त्यासकट? तू कॉलेजात असताना एका ओळखीच्याने साइट करून दिली होती. नाव त्याने स्वतःच्या खात्यावर नोंदवलं, वर्षाने पैसे भरले नाहीत, फोन उचलला नाही, आणि पत्ता गेला. १,००० पत्रकं छापली होती, अजून संपत नाहीत. आत्ताचं नाव कुणाच्या खात्यावर आहे? तुझ्या असेल तर माझ्या ईमेलवर कर आणि पासवर्ड कळव, मी हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवते. हसू नकोस. मुदत कधी संपते ती तारीखही कळव, ती कॅलेंडरवर जाईल. आणि ऑर्डर देणाऱ्यांची नावं-फोन दर महिन्याला उतरवून पाठव. १९ पैकी दोघींनी परत मागवलंय, त्यांना पुढच्या पार्सलात मूठभर जास्त घालणार आहे.

दिवाळीला येताना ती लहान खोकी पन्नास घेऊन ये, इथे महाग पडतात. मोठी उरलेली मी मिरच्यांना वापरते.

तुझी,
आई